जुना ४०१(के) आयआरएत हलवायचा का? आधी फी डॉलरमध्ये मोजा

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मला नीट कळलाय की नाही ते तुम्हालाही दिसेल. तुम्ही ओहायोत, कोलंबसला. वय ४३. मोठ्या कंपनीतली दहा वर्षांची नोकरी सोडून गेल्या वर्षी दुसरीकडे लागलात. जुन्या ४०१(के)मध्ये, म्हणजे नोकरीतल्या निवृत्तीच्या खात्यात, १,८६,००० डॉलर तसेच आहेत. मंडळाच्या गणपतीत ओळख झालेले एक ॲडव्हायझर मागे लागलेत की, ‘कंपनीच्या प्लॅनमध्ये छुपी फी असते, सगळं आयआरएत आणा, मी सांभाळतो.’ आयआरए म्हणजे नोकरीशी न जोडलेलं, स्वतः उघडायचं निवृत्तीचं खातं. वहिनी दातांच्या एका छोट्या दवाखान्यात नोकरी करतात, त्यांच्या तिथल्या ४०१(के)त ३१,००० डॉलर आहेत. दोघांचं मिळून उत्पन्न २,१०,०००च्या आसपास. आठ-दहा वर्षांनी पुण्याला परतायचा विचार अधूनमधून डोकं वर काढतो. आणि तुम्ही विचारताय, स्वस्त काय: ४०१(के) की आयआरए?

या प्रश्नाला असं एका वाक्यात उत्तर नाही, कारण फी खात्याच्या नावाला लागत नाही. ४०१(के) आणि आयआरए हे कर-कायद्यातले दोन डबे आहेत. डबा कोण सांभाळतो, आत काय भरलंय आणि ते भरायचा सल्ला कोणी दिला, या तीन गोष्टींचे पैसे लागतात. तुमच्याच घरात एक डबा जवळजवळ फुकटात पडलाय आणि दुसरा चांगलाच महाग आहे, आणि दोन्हींवर नाव ४०१(के) असंच आहे.

म्हणजे फीचे तीन थर. पहिला थर फंडाचा: एक्स्पेन्स रेशो, म्हणजे फंड चालवण्यासाठी वर्षाला कापला जाणारा टक्का. हा पत्रकावर वजावट म्हणून कधीच दिसत नाही. फंडाच्या किमतीतून तो रोज कणाकणाने कापला जातो आणि उरलेली किंमत आपल्याला दिसते. दुसरा थर प्लॅन चालवण्याचा: हिशेब ठेवणं, वेबसाइट, ऑडिट, सरकारकडे दरवर्षी भरायचा फॉर्म ५५००. तिसरा थर सल्ल्याचा किंवा विक्रीचा. कधी तो उघड एक टक्का म्हणून येतो, कधी फंडाच्या आत १२बी-१ या नावाने, विक्रीचा खर्च म्हणून, लपून बसतो, कधी खरेदीच्याच वेळी लोड म्हणून कापला जातो.

तिसऱ्या थराने मलाही एकदा पोळलंय. २००३ साली नोकरी बदलली तेव्हा माझ्या जुन्या ४०१(के)त २२,००० डॉलर होते. ओळखीतल्याच एकाने आयआरए उघडून दिला. पहिलं पत्रक आलं त्यावर २०,७३५. मला वाटलं बाजार पडला असेल. चार दिवसांनी कळलं की ५.७५ टक्के फ्रंट लोड कापला गेलाय. बाजार त्या आठवड्यात उलट थोडा वरच होता. कागदावर सही माझीच होती, त्यामुळे भांडायला जागा नव्हती. तेव्हापासून कोणी ‘फी काही नाही हो, कंपनीच देते आम्हाला’ असं म्हणालं की मी शांतपणे पेन काढतो.

आता तुमचे आकडे. तुम्ही पाठवलेल्या तिमाही पत्रकाच्या शेवटून दुसऱ्या पानावर, व्यवहारांच्या यादीत, ‘प्लॅन ॲडमिनिस्ट्रेशन फी’ अशी बारीक अक्षरातली ओळ आहे: उणे १३ डॉलर. वर्षाचे ५२. पैसे सगळे एस अँड पी ५०० या अमेरिकेतल्या मोठ्या कंपन्यांच्या निर्देशांकामागे चालणाऱ्या इंडेक्स ट्रस्टमध्ये आहेत, त्याचा एक्स्पेन्स रेशो ०.०२ टक्के, म्हणजे वर्षाला ३७ डॉलर. एकूण ८९. पावणेदोन लाखांहून जास्त रक्कम सांभाळायला वर्षाला ८९ डॉलर. याला कोणी छुपी फी म्हणत असेल तर त्याने ती शोधून दाखवावी.

ॲडव्हायझरसाहेबांचा प्रस्ताव: सल्ल्याचा एक टक्का म्हणजे १,८६० डॉलर. त्यांनी सुचवलेल्या फंडांचा सरासरी एक्स्पेन्स रेशो ०.२५ टक्के, म्हणजे आणखी ४६५. एकूण २,३२५. आणि तुम्ही स्वतःच एखाद्या मोठ्या ब्रोकरेजमध्ये आयआरए उघडून ०.०३ टक्क्यांचा इंडेक्स फंड घेतलात तर साधारण ५६ डॉलर. खातं ठेवण्याचे वेगळे पैसे आता बहुतेक ठिकाणी घेत नाहीत.

म्हणजे आहे तिथेच ठेवणं आणि स्वतःच्या हाताने आयआरए चालवणं यांत फरक वर्षाला ३३ डॉलरचा. एवढ्यासाठी कोणी निर्णय घेऊ नये, तो दुसऱ्याच गोष्टींवर घ्यावा. त्या पुढे सांगतो. पण ८९ आणि २,३२५ यांतला फरक वेगळ्या जातीचा आहे. वाढ वर्षाला ७ टक्के धरली आणि नवा पैसा अजिबात घातला नाही, तर २२ वर्षांनी, म्हणजे तुमच्या ६५व्या वर्षी, पहिल्या वाटेने सुमारे ८,१५,००० डॉलर होतात आणि दुसऱ्या वाटेने ६,३६,०००. मधले पावणेदोन लाखांहून जास्त सल्ल्यात आणि फंडात गेले. तुमची आजची पूर्ण शिल्लक जवळजवळ तेवढीच आहे. इथल्या श्रम खात्याच्या पुस्तिकेत असंच एक उदाहरण वर्षानुवर्षं छापलं जातंय: २५,००० डॉलर, ३५ वर्षं, ७ टक्के, फी अर्धा टक्का असेल तर २,२७,००० आणि दीड टक्का असेल तर १,६३,०००.

‘कंपनीच्या प्लॅनमध्ये छुपी फी असते’ हे वाक्य मात्र अगदीच हवेतलं नाही. एके काळी ते बऱ्याच ठिकाणी खरं होतं. २०१२पासून नियम आला की प्लॅनने दरवर्षी प्रत्येक फंडाची फी, टक्क्यात आणि दर हजार डॉलरमागे, तक्त्यात मांडून द्यायची, आणि खात्यातून थेट कापलेले पैसे तिमाही पत्रकावर डॉलरमध्ये दाखवायचे. नंतर २०१५मध्ये टिबल विरुद्ध एडिसन खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने सांगितलं की एकदा फंड निवडून मालकाची जबाबदारी संपत नाही, त्यावर लक्ष ठेवत राहायचं असतं. तिथे वाद याचाच होता की तोच फंड संस्थांच्या स्वस्त दरात मिळत असताना कॅलिफोर्नियाच्या त्या वीज कंपनीच्या प्लॅनने किरकोळ दराचा घेतला. मोठ्या कंपन्यांचे प्लॅन आज स्वस्त आहेत त्यात घाऊक खरेदीचा वाटा आहे, आणि कोर्टाच्या भीतीचाही आहे. आयआरएत तुमच्या वतीने घासाघीस करणारं कोणी नसतं. तिथे तुम्ही किरकोळ गिऱ्हाईक. ब्रोकरेजच्या स्पर्धेमुळे किरकोळ भावही आता खाली आलेत, म्हणून चालून जातं.

एक टक्का घेणारा ॲडव्हायझर कधीच घेऊ नये असं मी म्हणणार नाही. (मी स्वतः तासाच्या हिशेबाने पैसे घेतो, तेव्हा माझा कल कुठे आहे ते लक्षात ठेवून हा परिच्छेद वाचा.) काही माणसांना बाजार कोसळलेल्या मार्च २०२०सारख्या महिन्यात फोनवर ‘विकू नका’ म्हणणारं कोणी लागतं, आणि त्या एका फोनची किंमत एक टक्क्याहून जास्त असू शकते. तो तुमचं इच्छापत्र, विमा, मुलांचं कॉलेज, भारतातलं घर आणि कर हे सगळं एकत्र बघत असेल तर बोला. पण तुमच्या प्रश्नावरून दिसतंय की ते फक्त हे एक खातं बघणार आहेत. त्यांना दोन गोष्टी लेखी विचारा: ‘हलवण्याची शिफारस का करताय, माझ्या सध्याच्या फीशी तुलना करून?’ आणि ‘माझ्याखेरीज आणखी कोणाकडून तुम्हाला पैसे मिळतात का?’ रोलओव्हरची, म्हणजे जुनं खातं असं हलवण्याची, शिफारस करताना सध्याच्या प्लॅनची फी विचारात घ्यायलाच हवी. त्यांनी तुमच्याकडे पत्रक मागितलंच नसेल, तर शिफारस कशाच्या आधारावर केली हा प्रश्न उरतोच. गणपतीतली ओळख आहे म्हणून संकोच करू नका. आरतीला भेटणं वेगळं आणि सही करणं वेगळं.

आता वहिनींचं खातं. इथे चित्र उलटं आहे, आणि खरं तर तुमच्या घरातली फीची अडचण इथेच आहे. फंडांचा सरासरी एक्स्पेन्स रेशो ०.७८ टक्के, त्यावर ‘असेट चार्ज’ नावाने, म्हणजे शिल्लक रकमेवर, ०.६५. मिळून १.४३ टक्के, म्हणजे ३१,०००वर वर्षाला ४४३ डॉलर. तुमच्या खात्याच्या एक षष्ठांश रक्कम आणि फी पाचपट. यात कोणाची लबाडी असेलच असं नाही. नऊ माणसांच्या दवाखान्यात प्लॅन चालवायचा ठरावीक खर्च नऊ जणांतच वाटला जातो, आणि तो टक्क्यात बसवला की असा दिसतो.

मग हलवा म्हणावं तर त्या अजून तिथेच नोकरीला आहेत. नोकरीत असताना ५९½ वर्षांआधी स्वतःचे पगारातून कापलेले पैसे सहसा बाहेर नेता येत नाहीत. त्यामुळे आतल्या ३१,०००चं तूर्त एवढंच करता येईल की यादीतला सगळ्यात स्वस्त फंड शोधायचा. अशा प्लॅनमध्येसुद्धा तळाला एखादा इंडेक्स फंड बऱ्याचदा सापडतो.

पुढचे पैसे कुठे घालायचे हा मात्र हातातला प्रश्न आहे. दवाखाना पगाराच्या पहिल्या ३ टक्क्यांना पूर्ण आणि पुढच्या २ टक्क्यांना अर्धा मॅच, म्हणजे स्वतःची भर, देतो असं तुम्ही लिहिलंय. पगार ५८,००० धरला तर त्यांनी ५ टक्के, म्हणजे २,९०० घातले की वरून २,३२० मिळतात. फी कितीही असो, हे सोडायचं नाही. मॅच संपला की थांबायचं आणि त्यापुढचे पैसे त्यांच्या नावाच्या रॉथ आयआरएत (कर आधी भरायचा, निवृत्तीत काढताना नाही) घालायचे: २०२६साठी ५० वर्षांखालच्यांना मर्यादा ७,५०० डॉलर, आणि जोडप्याचं उत्पन्न २,४२,०००च्या खाली असेल तर पूर्ण भरता येतात. तुम्ही त्यात बसता. ते भरूनही पैसे उरले आणि करात सूट हवी असेल तर मग परत दवाखान्याचा प्लॅन. नोकरी सोडतील त्या दिवशी मात्र ते जुनं खातं तिथे ठेवायचं नाही.

एक गोष्ट जमली तर करा. डॉक्टरांशी बोला. प्लॅनमध्ये सगळ्यात मोठी रक्कम बहुधा त्यांचीच असते, म्हणजे १.४३ टक्क्यांतले सगळ्यात जास्त डॉलर त्यांचेच जातात, आणि त्यांना ते माहीत नसतं. माझ्याकडे येणाऱ्या एका बाईंनी असंच केलं. तक्रार केली नाही. तो वार्षिक तक्ता काढला, डॉक्टरांच्या अंदाजे शिल्लकेला टक्के लावले आणि जेवणाच्या सुट्टीत कागद समोर ठेवला. पुढच्या वर्षी प्लॅन दुसरीकडे गेला.

परत तुमच्याकडे. ३३ डॉलरच्या फरकावर ठरवायचं नाही म्हटलं, मग कशावर? तुमच्या बाबतीत मला सगळ्यात वजनदार वाटते ती एक कराची गोष्ट. पगार वाढून जोडप्याचं उत्पन्न रॉथच्या मर्यादेपलीकडे गेलं की लोक ‘बॅकडोअर रॉथ’ करतात: आधी कर भरलेले पैसे साध्या आयआरएत घालायचे आणि लगेच रॉथमध्ये बदलायचे. तुमच्या नावावर साध्या आयआरएत दुसरं काही नसेल तर यावर कर जवळजवळ शून्य. पण तुम्ही आज १,८६,००० तिथे आणून ठेवले, तर सरकार दोन्ही पैसे एकत्र मिसळलेले धरतं. १,९३,५००पैकी १,८६,००० कर अजून न भरलेले, म्हणजे ९६ टक्के. बदललेल्या ७,५००पैकी सुमारे ७,२०० करपात्र. कर-विवरणासोबतचा फॉर्म ८६०६ भरताना ही गोष्ट कळते आणि तोवर उशीर झालेला असतो. ४०१(के)तले पैसे या मिसळीत धरत नाहीत. तुम्ही मर्यादेपासून ३०-३५ हजारच दूर आहात, दोन बढत्यांत पलीकडे जाल.

दुसरं, ५५ वर्षांचा नियम. ज्या वर्षी ५५ पूर्ण होतात त्या वर्षी किंवा नंतर नोकरी सुटली, तर त्या कंपनीच्या ४०१(के)तून १० टक्के दंडाशिवाय पैसे काढता येतात. आयआरएत ५९½पर्यंत थांबावं लागतं. हा फायदा जुन्या कंपनीच्या खात्याला मिळत नाही, कारण ती तुम्ही ४२व्या वर्षी सोडलीत. लवकर निवृत्त व्हायचं असेल तर पुढेमागे जुने पैसे तेव्हाच्या कंपनीच्या प्लॅनमध्ये ओढून घ्यायची वाट त्यासाठी मोकळी ठेवा. आज तिथे हलवू नका: नव्या प्लॅनने तुम्हाला आपोआप ज्या टार्गेट-डेट फंडात (निवृत्तीच्या वर्षाप्रमाणे गुंतवणूक बदलणाऱ्या) बसवलंय त्याचा एक्स्पेन्स रेशो ०.३८ आहे, १,८६,०००वर ७०७ डॉलर. आणि नव्या पगारातून जे पैसे चालले आहेत त्यांच्यासाठी नव्या प्लॅनच्या फंडांची यादी एकदा शेवटपर्यंत खाली सरकवून बघा, स्वस्त फंड तिथे आहे का.

पुण्याचं. भारतात राहायला गेल्यावर इथल्या काही ब्रोकरेज परदेशी पत्ता दिसला की नवीन म्युच्युअल फंड घेऊ देत नाहीत, काही खातंच बंद करायला सांगतात. जुन्या कंपनीच्या प्लॅनमध्ये ही कटकट सहसा कमी, पण तिथेही लेखी विचारून ठेवा. कराच्या बाजूने भारताने २०२१च्या वित्त कायद्यात कलम ८९अ आणलं आणि अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडा या देशांतल्या अशा खात्यांसाठी सोय केली, की दरवर्षीच्या वाढीवर भारतात कर न भरता पैसे काढाल तेव्हा भरता येतो. त्यासाठी ठरलेला फॉर्म वेळेत भरावा लागतो. हे ४०१(के) आणि आयआरए दोघांनाही लागू, म्हणून तुमच्या आजच्या निवडीवर याचा फारसा परिणाम नाही.

तेव्हा माझं मत: तुमचे १,८६,००० आहेत तिथेच राहू द्या. तुमच्या जुन्या प्लॅनमध्ये वहिनींसारखी फी असती तर मी याच्या बरोबर उलट सांगितलं असतं. आणि कंपनी विकली गेली, प्लॅन बदलला किंवा ५२ डॉलरचे ३०० झाले, तर परत हिशेब करा.

हे सगळं वाचूनही आयआरएतच न्यायचं ठरलं, किंवा पुढे वहिनींचं खातं हलवायची वेळ आली, तर पैसे थेट एका संस्थेतून दुसऱ्या संस्थेत जाऊ द्या. चेक आलाच तर तो नव्या संस्थेच्या नावाने हवा. तुमच्या नावाने आला तर २० टक्के आधीच कापलेले असतात, आणि ती रक्कम खिशातून घालून ६० दिवसांत सगळे पैसे भरले नाहीत तर कर आणि १० टक्के दंड.

आणि पैसे पोचल्यावर लॉगिन करून बघा. रोलओव्हर आयआरएत रोकड म्हणून येतो, तुम्ही स्वतः फंड विकत घेईपर्यंत तो रोकडच राहतो. २०१६ला रोलओव्हर केलेले एक गृहस्थ २०२०मध्ये माझ्याकडे आले. फी शून्य म्हणून खूश होते. ९०,००० डॉलर चार वर्षं ०.०१ टक्के व्याजावर बसून होते. त्यातल्या २०१९ या एकाच वर्षात एस अँड पी ५०० लाभांश धरून ३१ टक्क्यांहून जास्त वाढला होता. त्यांना वाटत होतं की पैसे हलवले म्हणजे गुंतवले. मी स्क्रीन त्यांच्याकडे वळवली, ‘कॅश’ या शब्दावर बोट ठेवलं, आणि बराच वेळ आम्ही दोघं काही बोललो नाही.

वहिनींच्या प्लॅनचा वार्षिक तक्ता मिळाला की फंडांची नावं आणि त्यांच्यापुढचे टक्के एवढंच लिहून पाठवा. स्वस्तातला कोणता ते सांगतो.